घर पाडलं गेल्यावर भरपाई कशी मागायची: ठाणे आणि नवी मुंबईतील कुटुंबांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पाडकाम झालं की बहुतेक कुटुंबं आधी स्थानिक नगरसेवकाकडे जातात, मग मंत्रालयात एक निवेदन देतात आणि वाट पाहत बसतात. निवेदनात लहान मुलं असतात, आजारी आई असते, डोक्यावरचं कर्ज असतं. घर कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली पाडलं आणि त्या कायद्यानुसार आपल्याला काय मिळायला हवं, हे मात्र त्यात नसतं. म्हणून निवेदन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातं आणि शेवटी 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा शेरा मारून परत महापालिकेत येतं.

दिघा, कळवा, मुंब्रा, दिवा, तुर्भे, ऐरोली, वागळे इस्टेट, उलवे इथल्या घरांचे कायदेशीर प्रकार वेगवेगळे आहेत. शेजारी-शेजारी असलेल्या दोन घरांपैकी एकाला पर्यायी घर मिळतं आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही, त्याचं कारण बहुधा या प्रकारात आणि कागदात असतं. हा लेख त्यासाठीच आहे. सावकाश वाचा आणि वाचताना हाताशी वही ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस: ढिगारा उचलण्याआधी

मागणीचा अर्ज आठवडाभराने दिला तरी चालतो. ढिगारा उचलला गेला की पुरावा मात्र परत उभा करता येत नाही. त्यामुळे डोकं ठिकाणावर नसलं तरी एवढं कराच. घरात कोणाला जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या पोरांना सांगा.

फोनचं लोकेशन सुरू करून सलग व्हिडिओ काढा. सुरुवात मुख्य रस्त्यापासून किंवा ओळखीच्या खुणेपासून करा आणि कॅमेरा न थांबवता घरापर्यंत या. विजेच्या मीटरचा क्रमांक, शेजारची उभी असलेली घरं, जोत्याच्या कडा, फुटलेला संसार, सगळं त्यात यायला हवं. सर्वेक्षणवाल्यांनी दारावर किंवा भिंतीवर रंगाने क्रमांक लिहिला असेल आणि तो तुकडा सापडला, तर त्याचा स्वतंत्र फोटो घ्या. त्या क्रमांकावरून प्रकल्पाच्या यादीत तुमचं नाव शोधता येतं. मूळ फाइल फोनमधून काढू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत छोटी होते आणि तिच्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाइल स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

जोत्याची लांबी-रुंदी टेपने मोजून लिहून ठेवा. पुढे 'तुमची खोली शंभर चौरस फुटांचीच होती' असं कोणी म्हटलं, तर उत्तर द्यायला हेच माप कामी येतं.

महसूल खात्याकडून पंचनामा मागा. शहरात तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, 'हे महापालिकेचं काम आहे' असं सांगतात. तरीही अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत स्वतःचा पंचनामा तयार करा: तारीख, वेळ, कोण आलं होतं, कोणती यंत्रं होती, सामान काढायला किती वेळ दिला, काय-काय फुटलं. खाली पाच शेजाऱ्यांच्या सह्या, पत्ते आणि फोन क्रमांक घ्या. तो सरकारी पंचनाम्याची जागा घेत नाही, पण त्याच दिवशी लिहिलेला कागद सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या कागदापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो.

कारवाई सुरू असतानाच ११२ ला फोन केला असेल तर ती नोंद राहते. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, स्टेशन डायरीत नोंद करायला सांगा आणि शिक्क्यासह पोच घ्या. आधार, शिधापत्रिका, शाळेचे दाखले ढिगाऱ्यात गेले असतील तर ते गहाळ झाल्याची वेगळी तक्रार नोंदवा. दुय्यम प्रती काढताना ती लागते.

घर कोणी पाडलं आणि कोणत्या कलमाखाली

कारवाईच्या दिवशी महापालिका, पोलीस, सिडको आणि कधी रेल्वेचेही लोक एकत्र दिसतात. त्यांपैकी आदेश कोणाचा होता हे शोधायचं. ठाणे महापालिकेत हे काम प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांकडून होतं, नवी मुंबईत विभाग कार्यालयाकडून. सिडकोच्या जमिनीवर सिडकोचा अनधिकृत बांधकाम नियंत्रण विभाग असतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी, रुळांलगत रेल्वे, डोंगराकडेला वन विभाग आणि सरकारी जमिनीवर तहसीलदार.

नोटीस मिळाली असेल तर वरच्या कोपऱ्यातला जावक क्रमांक, तारीख आणि मजकुरातलं कलम पाहा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६० किंवा २६७ असेल तर घर विनापरवाना ठरवलं आहे. कलम २६४ असेल तर इमारत धोकादायक ठरवली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाची कलमं ५३ ते ५५ सिडको आणि एमआयडीसीच्या नोटिसांत हमखास दिसतात. जमीन महसूल संहितेचं कलम ५० सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणासाठी आहे. २६० आणि २६४ यांच्यात फरक एका आकड्याचा दिसतो, पण २६४ मध्ये रहिवाशाचा जागेवरचा हक्क कायम राहतो आणि २६० मध्ये तो लढून सिद्ध करावा लागतो.

नोटीसच मिळाली नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही. एवढंच मागा: नोटिशीची प्रत आणि ती बजावल्याचा पुरावा, सुनावणीचं इतिवृत्त, अंतिम आदेश, पाडकामाचं चित्रीकरण आणि अहवाल, पोलीस बंदोबस्तासाठी लिहिलेलं पत्र. शेवटचा कागद लोक विसरतात. बंदोबस्ताच्या पत्रावरची तारीख तुमच्या नोटिशीच्या तारखेच्या आधीची निघाली, तर निर्णय तुमचं ऐकण्याआधीच झाला होता हे तिथेच दिसतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

तुमचं घर कोणत्या प्रकारात बसतं

*जमीन प्रकल्पासाठी संपादित झाली असेल.* सातबारा, मिळकत पत्रिका किंवा नोंदणीकृत खरेदीखत तुमच्या नावावर असेल आणि रस्ता, रेल्वे किंवा विमानतळासाठी जागा घेतली असेल, तर १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेला भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्स्थापन कायदा, २०१३ पाहायचा. हिशेब असा असतो: जमिनीचा बाजारभाव, त्याला गुणक (शहरी भागात १, ग्रामीण भागात १ ते २), त्यात घर आणि झाडांची किंमत, आणि या सगळ्या बेरजेइतकीच आणखी रक्कम, जिला दिलासा रक्कम म्हणतात. समजा शहरातल्या जमिनीची किंमत २० लाख आणि बांधकामाची ६ लाख धरली. २६ लाखांवर तेवढीच दिलासा रक्कम धरून ५२ लाख होतात. याशिवाय जमिनीच्या बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, सामाजिक परिणाम अभ्यासाच्या अधिसूचनेपासून निवाड्याच्या (भरपाई ठरवणाऱ्या आदेशाच्या) किंवा ताब्याच्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर.

पैशांखेरीज पुनर्वसनाचे लाभ याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत आणि ते मागितल्याशिवाय फारसं कोणी देत नाही. शहरी भागात घर गेलं तर किमान ५० चौरस मीटर जोत्याचं बांधलेलं घर, किंवा ते नको असेल तर किमान दीड लाख रुपये. वर्षभर दरमहा ३,००० रुपये निर्वाह भत्ता, सामान हलवण्यासाठी ५०,००० आणि एकरकमी पुनर्स्थापना भत्ता ५०,०००. घराखालची जमीन स्वतःची नसली, पण अधिसूचनेआधी सलग तीन वर्षं तिथे राहत असाल आणि इच्छेविरुद्ध हटवले गेले असाल, तरी घराच्या लाभावर तुमचा दावा आहे. भाडेकरू आणि जमीनमालकाच्या आवारात राहणाऱ्या कुटुंबांनी हे वाक्य अर्जात जसंच्या तसं घालावं.

भरपाईची पूर्ण रक्कम निवाड्यापासून तीन महिन्यांत आणि पुनर्वसनाची रोख रक्कम सहा महिन्यांत देऊन मगच ताबा घ्यायचा, असं कलम ३८ सांगतं. रक्कम न देता ताबा घेतला तर कलम ८० प्रमाणे पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज मागता येतं. निवाड्याची रक्कम कमी वाटली तर कलम ६४ खाली प्राधिकरणाकडे संदर्भ मागायचा, म्हणजे रकमेचा प्रश्न निर्णयासाठी तिथे पाठवायला सांगायचं. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत सहा आठवड्यांची. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते.

नवी मुंबईच्या गावांची गोष्ट वेगळी आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन गेली. जानेवारी १९८४ च्या जासईच्या शेतकरी लढ्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली, विमानतळबाधितांसाठी पुढे साडेबावीस टक्क्यांची. तुमचं घर गावठाणालगत, वाढत्या कुटुंबासाठी बांधलेलं असेल तर 'गरजेपोटी बांधकाम' म्हणून ते नियमित करण्याच्या शासन निर्णयाचा आधार घ्या. पाडकामाआधी तुम्ही तसा अर्ज केला होता का, हा प्रश्न इथे सगळ्यात महत्त्वाचा. प्रलंबित अर्ज न बघता घर पाडलं असेल तर तो अर्ज आणि त्याची पोच तुमच्या फाइलचं पहिलं पान हवं.

*झोपडपट्टीतलं घर असेल.* महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियम, १९७१ प्रमाणे १ जानेवारी २००० पूर्वीपासूनचा रहिवासी संरक्षित आहे आणि पुनर्वसनाचं घर त्याला मोफत मिळतं. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशाला सशुल्क घर मिळतं, २०२३ च्या निर्णयाप्रमाणे अडीच लाख रुपयांत. इथे मागणी रोख रकमेची नसते, पर्यायी घराची असते. अर्जात 'योग्य ती मदत द्यावी' असं मोघम न लिहिता 'संरक्षित झोपडीधारक म्हणून पर्यायी सदनिका आणि ती मिळेपर्यंत संक्रमण निवास किंवा भाडे' असं लिहा. फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), परिशिष्ट-२ मधला, म्हणजे पात्र-अपात्र रहिवाशांच्या यादीतला अनुक्रमांक आणि त्या वर्षाची मतदार यादी सोबत जोडा. पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर वेगळं बिऱ्हाड असलेल्यांना बहुतेक वेळा अपात्र ठरवतात. त्यांनी स्वतंत्र मीटर आणि स्वतंत्र शिधापत्रिकेच्या जोरावर हरकत नोंदवावी, पण तळमजल्याच्या हक्काशी आपलं भांडण लावू नये. घरातल्या घरात वाद झाला की दोघांची फाइल अडकते.

*रेल्वे आणि मोठे वाहतूक प्रकल्प.* मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात बाधितांसाठी स्वतंत्र पुनर्वसन धोरण आहे. मूळ सर्वेक्षणाच्या यादीत नाव असलेल्या झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचं घर त्यात ठरलेलं आहे. यादीत नाव नसेल तर आधी तेच करून घ्या, त्याशिवाय बाकीची धावपळ फुकट जाते. रेल्वेच्या जमिनीवरून हटवल्या जाणाऱ्या कुटुंबांच्या सुरतच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दरमहा २,००० रुपये सहा महिने देण्याचा आणि घरकुल योजनेत अर्ज घेण्याचा आदेश दिला होता. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये कळवा-मुंब्रा पट्ट्यात रेल्वेच्या नोटिसा लागल्या, तेव्हा हाच आदेश चर्चेत होता. रक्कम तुटपुंजी आहे, तरी अंतरिम मदत म्हणून तिचा दाखला द्यावा.

*धोकादायक इमारत.* महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. भाडेकरू असा किंवा मालक, इमारत पडल्याने तुमचा हक्क संपत नाही. पण तुम्ही किती जागा वापरत होता याचं मोजमाप आणि रहिवाशांची यादी महापालिकेने प्रमाणित करून दिली पाहिजे. ही यादी हातात आल्याशिवाय चावी देऊ नका, असं मी प्रत्येक इमारतीत सांगते. जीव धोक्यात असेल तर अर्थातच आधी बाहेर पडा. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एप्रिल २०१३ मध्ये इमारत कोसळून ७४ माणसं गेली, तो प्रसंग कोणीही विसरू नये.

*अनधिकृत इमारतीत फ्लॅट घेतला होता.* हा सगळ्यात दुःखद प्रकार, आणि इथे खोटी आशा दाखवणाऱ्यांचा बाजार भरलेला आहे. न्यायालयाच्या आदेशाने बेकायदा इमारत पडली तर सरकारकडून घराच्या किमतीची भरपाई सहसा मिळत नाही. दिघ्यातल्या ९९ इमारती असोत किंवा डोंबिवलीतल्या ६५, ज्यांत खोट्या परवानग्या दाखवून महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची) नोंदणीही मिळवली होती, पैसे वसूल करायचे ते बिल्डरकडून आणि जमीनमालकाकडून. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे जमिनीच्या सदोष मालकी हक्कामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई बिल्डरने द्यायची असते, आणि या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. आदेशानंतरही पैसे दिले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. सोबत फसवणुकीची फिर्याद द्या. कर्ज देणाऱ्या बँकेकडून तिच्या वकिलाने केलेला मालकी हक्काचा शोध अहवाल लेखी मागा. खोटी परवानगी बँकेच्याही नजरेतून सुटली असेल तर कर्जाच्या पुनर्रचनेची बोलणी करताना तो कागद तुमच्या बाजूने बोलतो. हप्ते मात्र परस्पर थांबवू नका.

पाडण्याची पद्धतच चुकीची असेल तर

घर विनापरवाना होतं असं मान्य केलं, तरी ते कसंही पाडता येत नाही. फुटपाथवर राहणाऱ्यांनाही नोटीस दिली पाहिजे, हे १९८५ सालीच मुंबईच्या ओल्गा टेलिस खटल्यात सांगून झालं आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने संपूर्ण देशासाठी पद्धत घालून दिली. नोंदणीकृत टपालाने नोटीस, शिवाय ती घरावर चिकटवायची. किमान १५ दिवसांची मुदत. नोटिशीची माहिती त्याच सुमारास जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला ईमेलने, म्हणजे मागची तारीख टाकता येऊ नये. प्रत्यक्ष सुनावणी आणि तिचं इतिवृत्त. कारणांसह अंतिम आदेश, त्यात पाडणं हाच एकमेव मार्ग का, याचं उत्तर. आदेशानंतर पुन्हा १५ दिवस. पाडकामाचं चित्रीकरण. हे पाळलं नाही तर जबाबदार अधिकाऱ्याने स्वतःच्या खर्चाने घर उभं करून द्यायचं आणि नुकसानभरपाईही द्यायची.

या निकालाचा दाखला देण्याआधी त्यातले अपवाद पाहून घ्या. रस्ता, पदपथ, रेल्वे रुळांलगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक जागेवरचं बांधकाम आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारं पाडकाम, यांना तो लागू नाही.

एकट्या पद्धतीच्या मुद्द्यावर पैसे मिळाले आहेत, हे अधिकाऱ्यांना दाखवून द्या. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजमध्ये रस्ता रुंदीकरणात एका पत्रकाराचं घर पाडलं होतं. अतिक्रमण ३.७० मीटरचंच होतं, पाडलं त्याहून बरंच जास्त, आणि लेखी नोटीस नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २५ लाख रुपये द्यायला लावले. प्रयागराजमध्ये नोटीस लागल्यानंतर चोवीस तासांत घरं पाडली, तिथे एप्रिल २०२५ मध्ये प्रत्येक घरमालकाला १० लाख.

आपल्याकडे आणखी एक आधार आहे. १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाळ्याच्या काळात निवासी बांधकामं पाडू नयेत, असा राज्य शासनाचा २९ जून २०२१ चा निर्णय आहे. पवईच्या जय भीम नगरातली घरं जून २०२४ मध्ये पाडली गेली, तेव्हा उच्च न्यायालयासमोर याच निर्णयाचा आधार घेतला गेला. तुमचं घर या चार महिन्यांत पडलं असेल तर अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात ही तारीख यायला हवी.

वास्तव्याचे कागद कुठून आणायचे

मूळ कागद हरवले तरी त्यांच्या नोंदी सरकारी दप्तरात असतात. जुन्या मतदार यादीतल्या तुमच्या पानाची प्रमाणित प्रत निवडणूक शाखेकडे मिळते. विजेच्या जुन्या जोडणीचा उतारा महावितरणकडे. मुंब्रा, कळवा आणि शिळ भागात मार्च २०२० पासून वितरण टोरंट पॉवरकडे आहे, त्याआधीच्या बिलांसाठी महावितरणकडेच जावं लागतं. मालमत्ता कराच्या पावत्या प्रभाग कार्यालयात मिळतात. विनापरवाना घराकडूनही कर घेतला जातो. कर भरला म्हणून घर अधिकृत होत नाही, पण तुम्ही तिथे राहत होता हे त्यातून सिद्ध होतं. मुलांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधला पत्ता, अंगणवाडीची नोंद, बाळंतपणाचं सरकारी रुग्णालयातलं कार्ड, गॅसची जोडणी हे सगळं चालतं. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं बघता येतात. तुमचं छप्पर २०१० च्या चित्रात दिसत असेल तर ते तारखेसह छापून घ्या.

कोणत्याही एजंटाला मूळ कागद देऊ नका. 'पात्र करून देतो' म्हणून पैसे मागणारे प्रत्येक वस्तीत फिरतात. पात्रता सक्षम प्राधिकारी ठरवतो आणि त्यासाठी कोणाला पैसे द्यायचे नसतात.

मागणीचा अर्ज

दोन पानांपेक्षा मोठा नको. मसुदा असा ठेवा, कंसातला तपशील आपापला भरा:

प्रति, मा. आयुक्त, (महापालिका) / मा. व्यवस्थापकीय संचालक, सिडको
विषय: (पत्ता, मीटर क्रमांक, सर्वेक्षण क्रमांक) येथील निवासी घर दि. (तारीख) रोजी पाडल्याबाबत नुकसानभरपाई, पर्यायी निवास व अंतरिम मदतीची मागणी.

महोदय,
१. मी व माझे कुटुंब (एकूण सदस्य) वरील पत्त्यावर सन (वर्ष) पासून राहत होतो. पुरावे जोडपत्र 'अ'.
२. दि. (तारीख) रोजी सकाळी (वेळ) वाजता आपल्या (विभाग) पथकाने घर पाडले. नोटीस मिळाली नाही / दि. (तारीख) रोजी मिळाली. सुनावणी झाली नाही. छायाचित्रे व पंचनामा जोडपत्र 'ब'.
३. माझे घर (कायदा व कलम) नुसार (प्रकार) मध्ये येते, म्हणून मला (लाभ) देय आहे.
४. नुकसानीचा तपशील जोडपत्र 'क', एकूण रुपये (रक्कम).
५. निर्णय होईपर्यंत संक्रमण निवास द्यावा. माझा अर्ज अमान्य असल्यास कारणांसह लेखी आदेश द्यावा.

पाचव्या मुद्द्यातलं शेवटचं वाक्य काढू नका. लेखी नकार हातात आला की अपील करता येतं, तोंडी नकारावर काहीच करता येत नाही.

जोडपत्र 'क' मध्ये बांधकाम, सामान, कामधंद्याचं नुकसान आणि पाडकामानंतरचं भाडं असे चार भाग करा. बांधकामासाठी शासनमान्य मूल्यांकनकाराचा अहवाल घेता आला तर उत्तम, नाहीतर मोजमाप आणि साहित्याच्या पावत्या. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, वडापावची गाडी ही पोटाची साधनं सामानात न मिसळता वेगळी दाखवा. आकडा फुगवू नका. एक खोटी नोंद सापडली की बाकीच्या खऱ्या नोंदींकडेही संशयाने बघतात.

अर्जाची एक प्रत जिल्हाधिकारी, ठाणे यांना (घर पनवेल-उरणच्या बाजूला असेल तर रायगड) आणि एक बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांना द्या. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक घ्या आणि तो वहीत लिहा.

उत्तर आलं नाही तर

महिनाभर थांबा, मग लोकशाही दिनात प्रकरण न्या. महापालिका आणि जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते. आयोग भरपाईची शिफारस करू शकतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती, दिव्यांग आणि कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे. म्हणून घरातल्या बाईच्या नावाने अर्ज करा, मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत. ठाण्याला जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, मदतवाहिनी १५१००.

मुदतीची एक बाब फार कुटुंबांना महागात पडते. महापालिकेवर नुकसानभरपाईचा दावा लावायचा तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. राज्य शासनाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. म्हणजे पाडकामानंतर चौथा महिना उजाडला आणि अजून 'साहेब बघतो म्हणाले' एवढंच हातात असेल, तर त्याच आठवड्यात वकिलाला गाठा. उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेला (सरकारी कारवाईला थेट आव्हान देणाऱ्या अर्जाला) अशी ठरावीक मुदत नाही, पण उशिराचं कारण विचारलं जातं. घर कधीपासून होतं असे वादाचे प्रश्न रिटमध्ये सहसा सोडवले जात नाहीत. तुमची बाजू नोटीस, तारखा आणि चित्रीकरण अशा निर्विवाद कागदांवर उभी असेल तर रिट, साक्षी-पुराव्यांची गरज असेल तर दावा. एकाच कारवाईत वीस-पंचवीस घरं गेली असतील तर याचिका एकत्र करा, पण प्रत्येक कुटुंबाच्या पुराव्याची फाइल वेगळी ठेवा.

पैसे किंवा घर हातात येताना

सही करण्याआधी कागद मराठीत वाचून घ्या. 'माझी यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही' असं वाक्य हमीपत्रात असेल तर ते खोडून सही करायचा आग्रह धरा. भूसंपादनाची रक्कम स्वीकारताना पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा: 'वाढीव मोबदल्याचा हक्क राखून, निषेध नोंदवून रक्कम स्वीकारली.' २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे निषेध न नोंदवता रक्कम घेतली तर वाढीव भरपाईसाठी कलम ६४ खाली जाता येत नाही. थेट खरेदीखत करून जमीन दिली तर ही वाट बंद होते, त्यामुळे तिथे आकडा आधीच पक्का करून घ्या.

पर्यायी घराचं वाटपपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे मागा. मूळ रहिवासी वारला असेल तर वारसांची नावं आधी लावून घ्या आणि भावंडांची लेखी संमती त्याच वेळी घेऊन ठेवा. २०१३ च्या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर कलम ९६ प्रमाणे प्राप्तिकर नाही. खात्यात जमा होताना कर कापला गेला असेल तर निवाड्याची प्रत जपून ठेवा आणि त्या वर्षीचं विवरणपत्र भरून परतावा मागा.